पाठ लागली की संपलं

ज्वारी काढायला आली की माझे तळहात अजून आपोआप मिटतात. आमच्या भूमकडं शाळू ज्वारी विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी ज्वारीचं उभं ताट धरायचं, कंबरेतून झटका द्यायचा, मुळाची माती पायावर आपटून झाडायची आणि पुढच्या ताटाला हात घालायचा. पहिल्या दिवशी फोड येतात, दुसऱ्या दिवशी फुटतात, तिसऱ्या दिवसापासून माणूस त्यांच्याविषयी बोलायचं सोडून देतो. लोकांना हे दिवस आले की हुरडा आठवतो, शेंगदाण्याची चटणी आठवते. मला एक मारामारी आठवते. सात समुद्रांपलीकडं, दोन परक्या माणसांत झालेली.

यंदा मी ऐन काढणीत माहेरी आले आहे, पण ज्वारीसाठी नाही. संक्रांतीनंतर आबा अंगणात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आईचे गुडघे गेलेले. म्हणून कुर्डुवाडीचं माझं घर महिनाभर नवऱ्याच्या हवाली करून मी इथं. दवाखान्यातून एक मुलगी येते, आबांना वॉकर धरून उभं राहायला शिकवते आणि जाताना मला बजावते, रोज दोनदा उठवा, नाही तर ते कायमचं अंथरूण धरतील. आबा तिच्यासमोर मान हलवतात. ती गेली की भिंतीकडं तोंड करून पडतात.

काल रज्जाकचाचा त्यांना बघायला आले. चाचा एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. खुर्ची ओढून बसले, तब्येतीचं दोन वाक्यांत उरकलं आणि खिशातून मोबाईल काढला. "वस्ताद, हे बघा. हेवीवेटचा किताब हाय पुढच्या महिन्यात. बोलो, कौन जीतेगा?" सकाळपासून दूधही न घेतलेले आबा कोपरावर उठून बसले. "चष्मा दे गं," म्हणाले. मी चष्मा दिला आणि चहाच्या निमित्तानं आत गेले. चुलीपुढं उभी राहिले तर माझ्या मुठी मिटलेल्या होत्या.

त्या वर्षी मी अकरावीत होते. घराला लागूनच आबांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. उन्हाळा तोंडावर आला, विहिरींचं पाणी खाली गेलं की मोटारी जळायला लागत, आणि जळालेल्या मोटारी घेऊन माणसं आमच्याकडं येत. दुकानात वार्निशचा आणि करपलेल्या तारेचा वास. तो वास आजही आला की मला आबा जवळ असल्यासारखे वाटतात. कॉइल भरायला दोन-तीन तास लागत, तोवर गिऱ्हाईक बसून राही, आणि बसलेला माणूस गप्प राहील तर तो आमच्याकडचा कसला. शिवाय आबा साधे मिस्त्री नव्हते. तरुणपणी त्यांनी कुस्तीचे फड गाजवले होते आणि पुढं पंचक्रोशीतल्या जत्रांत कुस्त्या जोडायचं काम त्यांच्याकडं आलं होतं. अनोळखी पैलवान समोर उभा राहिला की आबा त्याची मान चाचपत, पोटऱ्या बघत, पाच पावलं चालायला लावत आणि म्हणत, "ह्याला त्याच्यावर सोडा." जोड चुकली असं कधी झालं नाही. त्यामुळं कोण जिंकणार या विषयात आबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

तर त्या हंगामात कुणाच्या तरी मोबाईलवर सात समुद्रांपलीकडच्या त्या बॉक्सिंगची बातमी आली आणि दुकानाला नवा धंदा मिळाला. दोघांची परकी नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून बारसं झालं. एक ताडमाड, लांब हातापायांचा, तो उंट. दुसरा बुटका, मान नसलेला, छाती पिंपासारखी, तो रांजण. उंट आबांचा. रांजण रज्जाकचाचांचा. खतबियाण्याच्या दुकानाचे बसूअण्णा, मूळचे मुरूम गावचे, ते आज उंटाकडं तर उद्या रांजणाकडं, कारण व्यापारी माणूस.

"माणूस मांडीवर लढतो," आबा सांगत. हातात तांब्याची तार, डोळे कॉइलवर. "उंटाची मांडी बघा. अशी मांडी असली की माणूस मागं सरून बी मारतो."

"मांडी जाऊ द्या वस्ताद, गर्दन बघा ना. इतनी लांब गर्दन. एक बसला का गेला."

"लागू देईल तवा न्हाय का. त्याचा हात दारातनं मारला तर परसात पोचतोय."

"पण पेपरात आलंय, रांजणाचा ठोसा म्हंजे लई खतरनाक," बसूअण्णा मध्येच.

"पेपरवाल्यानं खाल्लाय का तो?"

हे रोज. सहा आठवडे. उंट सकाळी काय खातो, रांजण किती पळतो, कुणाची आई आजारी आहे, कुणाचं लग्न मोडलं, सगळ्यावर खल. मी चहा घेऊन जायचे तेव्हा मला नवल वाटायचं. ज्या माणसांना स्वतःच्या पोरी कितवीला आहेत हे बोटांवर मोजून सांगावं लागे, त्यांना रांजणाच्या डाव्या खांद्याचं जुनं दुखणं पाठ होतं. पुढं माझं लग्न ठरलं ते दीड दिवसात. त्यात अर्धा दिवस पाहुण्यांची गाडी बंद पडली म्हणून गेला.

आणि मला त्यातलं कळत होतं, हेच तर दुखणं. आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी दोन वर्षांपूर्वी बॉक्सिंग सुरू केलं होतं. ग्लोव्हजच्या तीन जोड्या आणि आम्ही सात जणी. घरी मी गोठ्यात खताचं रिकामं पोतं चिंध्या आणि वाळू भरून आढ्याला टांगलं होतं. म्हैस आधी बुजायची, नंतर रवंथ करत बघायची. घरात माझा सराव नेमानं बघणारी ती एकटीच. आबांची ना नव्हती. कौतुकही नव्हतं. "हाड टणक हुईल," एवढंच म्हणत.

एकदा चहाचे कप ठेवताना मी बोलून गेले. मोबाईलवर उंटाची जुनी लढत लागली होती. मी म्हटलं, "आबा, ह्यो डावा मारला की हात खाली सोडतोय. तिथं रांजणाचा उजवा बसणार. पडंल ह्यो. पण ह्याचं पाय चांगलं हायत, उठंल आणि जिंकंल."

मग सगळे हसले. वाईट हसले नाहीत, लहान मूल मोठ्यांसारखं बोललं की हसतात तसे. "पडंल पण जिंकंल म्हनं!" बसूअण्णा म्हणाले. आबाही हसत होते. "पडल्यावर काय जिंकतोय? तुला काय कळतंय त्यातलं. जा, आईला कडब्याच्या पेंढ्या मोजू लाग."

त्या हसण्यामागं एक जुनी गोष्ट होती. जुनी म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीची.

कुस्तीत पाठ लागली की संपलं. दोन्ही खांदे मातीला टेकले, आभाळ दिसलं, की पुढं काही नसतं. आमच्याकडची रीत अशी की आपल्या पैलवानाची पाठ लागली तर त्याच्याबरोबर आलेल्या माणसानं तिथं रेंगाळायचं नाही. खांद्यावर टॉवेल टाकून उठायचं आणि हलगीकडं न बघता फडाबाहेर पडायचं. हरलेल्या माणसाच्या तोंडाकडं बघू नये. मला ती रीत लहानपणी सुंदर वाटायची.

जिल्ह्याच्या स्पर्धेला मी हट्ट करून आबांना धाराशिवला नेलं. माझी लढत बघायला ते आयुष्यात एकदाच आले, ती ही. अंतिम फेरी होती. टोपी, धोतर, खांद्यावर टॉवेल, प्लास्टिकच्या खुर्चीत पाठ ताठ करून बसलेले आबा मला रिंगणातून दिसत होते. दुसऱ्या फेरीत मी त्यांच्याकडं बघितलं. बघायला नको होतं. समोरच्या मुलीचा उजवा हनुवटीवर बसला आणि मी सपशेल उताणी पडले. छपराचे पत्रे दिसले, पत्र्याला लटकलेला पंखा दिसला. पंचांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. एक. दोन. तीन. सहाला मी उठले. त्यांनी आठपर्यंत मोजलं, माझे हात धरून डोळ्यांत बघितलं आणि लढत सुरू केली. उठल्या उठल्या मी आबांना शोधलं. खुर्ची रिकामी होती.

मग मी त्या मुलीला जे मारलं, ते तिला मारलं की कुणाला, मला अजून ठाऊक नाही. पाचही पंचांनी मला विजयी ठरवलं. सर नाचत होते. मी गळ्यात पदक घालून तशीच घामेजलेली एसटी स्टँडवर गेले. आबा बाकावर बसले होते. शेजारी कागदात बांधलेली दोन केळी, माझ्यासाठी.

"चल. हरल्यावर जास्त थांबू नये," ते म्हणाले.

"आबा, मी जिंकले."

त्यांनी पदक हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, जळालेली कॉइल बघतात तसं. मग परत दिलं. "पाठ लागलेली म्या ह्या डोळ्यानं बघितली. त्याच्यावर कसलं पदक? पंचानं दया केली आसंल. पोर म्हणून."

भूमची एसटी लागली होती. केळी मी खाल्ली. भूक लागली होती, त्याला काय करणार.

जिंकल्यामुळं माझं नाव राज्याच्या निवड शिबिरासाठी पुण्याला गेलं. त्यासाठी पालकाचं संमतिपत्र हवं होतं, एक कागद, खाली एक सही. सरांनी तो मला दिला तेव्हाच सांगितलं होतं, अमक्या सोमवारपर्यंत माझ्या हातात पाहिजे, त्यानंतर तुझ्या जागी दुसरी जाईल. मी तो आबांपुढं तीनदा ठेवला. "बघू," म्हणाले. "ज्वारी निघू दे." "पाठ लागलेल्या पोरीला घेऊन सर पुढं काय करणार हायत, विचार त्यांना." सर स्वतः येऊन गेले, नियम समजावून सांगितला. आबांनी त्यांना चहा पाजला आणि रांजण-उंटाविषयी त्यांचं मत विचारलं.

आई सही करू शकली असती. तिनं हात झटकले. "त्यांच्या शब्दाभाईर मला नको गं ओढू." आणि खरं सांगायचं तर मीही करू शकले असते. आबांची सही मला हुबेहूब येत होती, वहीच्या मागच्या पानावर मी ती वीस वेळा गिरवली होती, शेवटच्या अक्षराचा वर गेलेला फराटासुद्धा. पण मला नुसती सही नको होती. आबांनी करायला हवी होती. हा माझा शहाणपणा. त्याची शिक्षा मी एकटीच भोगते आहे, ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

तो सोमवार जवळ आला आणि त्याच्या आदला रविवार नेमका लढतीचा निघाला. तिकडं शनिवारची रात्र, आमच्याकडं सकाळचे साडेनऊ. शेतात ज्वारी अर्धी उपटून आडवी पडली होती, मजूर बायका येऊन बसल्या होत्या, पण आबांनी मला आणि आईला पुढं धाडलं आणि स्वतः दुकानात थांबले. मी तासाभरानं पाण्याचा हंडा न्यायच्या निमित्तानं माघारी आले. दारात उभी राहिले. आत वीसेक माणसं. मोबाईल एका मोटारीच्या रिकाम्या बॉडीला टेकवलेला. आबा मधोमध, खांद्यावर टॉवेल.

उंट छान खेळत होता. लांबून टोचत होता, मागं सरत होता. आबा प्रत्येक ठोशाला मान डोलवत होते. सातव्या फेरीत त्यानं डावा मारला आणि हात खाली सोडला. रांजणाचा उजवा असा आला की मीच दाराची चौकट धरली. उंट उताणा पडला. दोन्ही खांदे, डोकं, सगळं जमिनीला.

आबा उठले. खांद्यावरचा टॉवेल नीट केला. "संपलं," म्हणाले. "चला, कामाला लागा." आणि मोबाईल बंद करायला हात पुढं केला. धाराशिवच्या त्या हॉलमध्ये माझ्या पाठीमागं काय घडलं असेल ते मला त्या दिवशी समोरून बघायला मिळालं.

"अरे रुको वस्ताद, गिन रहे वो!" चाचांनी त्यांचा हात धरला. चाचा रांजणवाले, पण न्यायाचा माणूस. "अजून मोजतायत!"

सहा. सात. उंटानं एक गुडघा रोवला. आठ. नऊला तो उभा होता. आबांचा हात हवेत तसाच राहिला. पुढच्या तीन फेऱ्या कुणी खाली बसलं नाही. दहाव्या फेरीत रांजण दोरांवर कोसळला तो उठलाच नाही, आणि आमच्या दुकानात जत्रा भरली. बसूअण्णांनी पेढे मागवले. आबांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना इतक्या आनंदात त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही कित्येक वर्षं नाही.

"उठला!" ते सगळ्यांना सांगत होते. "बघितला का गडी? पाठ लागून बी उठला! ह्याला म्हणायचं मर्द. पडत कोण न्हाय? उठतो तो खरा. म्या म्हटलंच होतं, त्याचं पाय चांगलं हायत!"

पाय चांगले आहेत, हे मी म्हटलं होतं. पण त्या क्षणी मला त्याचंही काही वाटलं नाही. मला वाटलं, झालं. आता ह्यांनी डोळ्यांनी बघितलं. मी घरात पळाले, दप्तरातून तो कागद काढला, पेन घेतलं आणि गर्दीतून वाट काढत आबांपुढं उभी राहिले.

"हे काय?"

"सही. उद्या द्यायचंय." मग धीर करून म्हटलं, "आबा, मी बी उठले होते की. तुमी बघितलं न्हाय. सहाला उठले."

पेढा तोंडाशी नेलेला एकाचा हात थांबला. चाचा हळूच म्हणाले, "दे दो ना वस्ताद. पोरगी मागती."

आबांनी कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही. "त्याचं निराळं हाय," म्हणाले.

"काय निराळं?"

"निराळं हाय म्हटलं न्हवं. घरातलं घरात. जा, बाया रानात खोळंबल्या असतील."

सहा आठवडे ज्यांनी उंटाच्या मानेवर वाद घातला, त्या वीस माणसांपैकी एकानंही विचारलं नाही की निराळं म्हणजे काय. पेढे पुन्हा फिरायला लागले. मी कागदाची घडी केली, रानात गेले आणि संध्याकाळपर्यंत ज्वारी उपटली. बायका म्हणत होत्या, मने, जरा दमानं घे, हाताचं सालटं निघालंय. सोमवार आला तसा गेला. माझ्या जागी जी गेली ती माझ्याकडून दोनदा हरलेली मुलगी होती. तिचं पुढं बरं झालं असं ऐकते. मी तिच्यावर कधी जळले नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल.

माझ्या लग्नानंतर एकदा आई म्हणाली, "तुला म्हणून सांगते, धाराशिवास्नं आल्यावर ते न्हाणीत जाऊन रडले होते. पोरीला पडताना बघवलं न्हाय म्हणाले." असेल. रडले असतील. मी काही दगड नाही, मला ते ऐकून गलबललं होतं. पण रडून सही होत नाही. आणि उंट पडला तेव्हा त्यांना बघवलं, कारण तो परका होता, हे जर खरं असेल, तर मग आपलं असण्यात काय मिळालं मला?

काल रज्जाकचाचा बराच वेळ बसले. आबांनी नव्या दोघांच्याही मांड्या बघितल्या, माना बघितल्या, निकाल दिला. मग उंटाची गोष्ट निघाली, ती निघतेच. आबांच्या गोष्टीत आता ते स्वतः मोबाईल बंद करायला उठत नाहीत. पहिल्यापासून ठाम बसून राहतात आणि म्हणतात, थांबा, हा उठणार. चाचांना खरं माहीत आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर चहाच्या कपात घातली. खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाशी भांडण उकरून काढायला माझीही जीभ वळत नाही, आणि याचासुद्धा मला राग येतो.

आज सकाळी मात्र त्यांना उठवायला गेले तर ते उठेनात. एकदा अर्धे उठले, परत पलंगावर बसले. दुसऱ्यांदा वॉकर हातातून सुटला आणि ते मागं उशीवर उताणे झाले. छताकडं बघत पडून राहिले. दारातून कडब्याचा कोरडा वास येत होता, बाहेर कुणाची तरी काढणी चालू होती.

"नको आता," म्हणाले. "पाठ लागली माजी. संपलं."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. नऊ वर्षं ते घासूनपुसून ठेवलेलं आहे. टॉवेल खांद्यावर टाकून मी त्या खोलीतून निघून जाऊ शकत होते, रीतीप्रमाणं. तसं न करता मी त्यांच्या डोक्याशी उभी राहिले आणि मोठ्यानं मोजायला लागले. एक. दोन. आबांनी चमकून बघितलं. तीन. चार. त्यांनी कोपर टेकवलं. पाच. सहाला ते बसते झाले, सातला वॉकर धरला, आठला मांडी थरथरत होती, आणि नऊला आबा उभे होते. घामानं डबडबलेले, दात घट्ट आवळलेले, आणि चेहऱ्यावर त्या रविवारचा तोच आनंद.

"उठलो का न्हाय?" धापा टाकत त्यांनी विचारलं. मग माझ्याकडं बघून हसले. "उठलो बघ मने. त्या उंटासारखा."

पाठ लागूनही उठलेली दोन माणसं त्यांच्या आयुष्यात आली होती. त्यांना एकच आठवला.

"व्हय आबा," मी म्हटलं. "त्या उंटासारखंच." आणि वॉकर एक पाऊल पुढं सरकवला.